नवीन स्टाफ नर्सचं स्किल असेसमेंट बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतलं, घ्यावं का?

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन त्यांच्या असेसर मॅडमना, अर्धा रिपोर्टमधल्या एका पानाला, आणि टॅबलेटवरच्या परीक्षेला भोपळा. आता सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारख्या मध्यम साइजच्या प्रायव्हेट हॉस्पिटलमधल्या बऱ्याच मेट्रन आणि इन्चार्ज सिस्टर सध्या हेच विचारतायत की हे जे लोक येऊन "तुमच्या नवीन नर्सेसचं कॉम्पिटन्सी असेसमेंट करतो, प्रत्येकीचा ट्रेनिंग प्लॅन करून देतो" म्हणतात ते खरंच घ्यावं का नुसता पैशाचा चुराडा. एजन्सीचं नाव लिहीत नाहीये, कुणी इनबॉक्समध्येही विचारू नका, कारण माझ्या माहितीतल्या दोन-तीन एजन्सींचं पॅकेज थोड्याफार फरकाने हेच आहे, त्यामुळे नावापेक्षा त्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळलं तर जास्त उपयोग.

मी नर्सिंग एज्युकेटर आहे. म्हणजे कागदावर एज्युकेटर, बाकी स्टाफ कमी पडला की कुठल्याही वॉर्डात उभी. यंदाच्या बॅचला जास्त करून जीएनएम झालेल्या मुली, बऱ्याचशा मराठवाड्यातल्या आणि सांगली-सोलापूरकडच्या, थोड्या बीएस्सी, दोन ब्रदर आणि केरळच्या काही मुली. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, बीएस्सी म्हणजे चार वर्षांची डिग्री, पण कुणाला किती येतं ते डिग्रीवर अजिबात ठरत नाही, ते ठरतं कॉलेजला पेशंट किती बघायला मिळाले त्यावर. काही कॉलेजांचं पॅरेंट हॉस्पिटल, जिथे मुलींनी पेशंटवर शिकायचं ते, म्हणजे बोर्ड आणि चार खाटा. तिथून आलेल्या पोरीला कॅथेटरायझेशनच्या (लघवीची नळी घालायच्या) स्टेप्स तोंडपाठ असतात, जर्नलला डायग्राम असा सुंदर की बघत राहावं, पण हात बसलेला नसतो. आणि त्यात तिचा दोष नाही हो, तिने ते केलेलंच नाही.

आतापर्यंत आमच्याकडे काय होतं ते सांगते, तुमच्याकडेही तेच असणार. इंडक्शनची फाइल, त्यात स्किल चेकलिस्ट, सत्तर-ऐंशी ओळी, पुढे तीन रकाने, पाहिलं, मदतीने केलं, एकटीने केलं. आणि एनएबीएचचं (हॉस्पिटलचा दर्जा तपासणारी संस्था) पथक यायच्या आठवड्यात सगळ्या फाइलींवर एकाच निळ्या पेनाने एका दमात टिकमार्क. त्याच्या जोडीला सेल्फ असेसमेंटचा फॉर्म, तो तर विचारूच नका, जिला कमी येतं ती सगळीकडे "येतं" लिहिते आणि जी खरंच विचार करून भरते ती निम्म्या ठिकाणी "मदत लागेल" लिहिते, मग आपण त्या दुसरीलाच कच्ची समजून ट्रेनिंगला पाठवतो. आणि ट्रेनिंग तरी काय, सगळ्यांना सेमिनार हॉलमध्ये बसवून हँड हायजीन, बायोमेडिकल वेस्ट, फायर सेफ्टी, परत हँड हायजीन. ज्यांना येतं त्या झोपतात, ज्यांना येत नाही त्याही झोपतात कारण नाईट करून आलेल्या असतात. लाल पिशवीत काय, पिवळ्या पिशवीत काय हे २०१६ चे नियम आता मावशींनासुद्धा पाठ झालेत पण लेक्चर काही थांबत नाही. तर मॅनेजमेंटने जेव्हा सांगितलं की बाहेरून माणसं बोलवतोय तेव्हा खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

पॅकेज असं होतं. आधी टॅबलेटवर एमसीक्यू टेस्ट, मग स्टेशनवाली प्रॅक्टिकल, मग असेसर वॉर्डात येऊन प्रत्यक्ष काम बघणार, मग रिपोर्ट, मग प्रत्येकीचा ट्रेनिंग प्लॅन, आणि तीन महिन्यांनी परत तपासणी. दर माणशी लावतात, बॅच मोठी असेल तर कमी करतात, घासाघीस होते, कराच.

टॅबलेट टेस्ट पटकन उरकते कारण त्यात लिहिण्यासारखं फारसं नाहीये. सगळे प्रश्न इंग्लिशमधून आणि प्रश्नसंच बराचसा सरळ अमेरिकेतून उचललेला, औषधं अॅसिटॅमिनोफेन आणि अल्ब्युटेरॉल. आमच्या पोरींना तीच औषधं पॅरासिटामॉल आणि सालब्युटामॉल म्हणून माहीत, रोज देतात, तरी प्रश्न चुकले. वेळ प्रत्येक प्रश्नाला मोजून, वर कोपऱ्यात घड्याळ टिकटिक. केरळच्या मुली आणि इंग्लिश मीडियमवाल्या वर, बाकीच्या खाली, म्हणजे तुम्ही नर्सिंग तपासलं का इंग्लिश ते तुम्हीच ठरवा. मी एजन्सीच्या सेल्सच्या मुलाला हे दाखवलं तर म्हणतो मॅडम हे इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे. असू दे बाबा.

आता स्टेशन. हे मात्र भारी होतं. कॉलेजला आपण जी ऑस्की दिली किंवा यूकेला जाणाऱ्या पोरी जी १० स्टेशनची देतात तीच पद्धत, हार्डन नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या डंडीत सुरू केलेली, प्रत्येक टेबलावर एक काम, ठरलेला वेळ, बेल वाजली की पुढच्या टेबलावर, आणि समोर तपासणाऱ्याकडे एकच छापील यादी, त्यामुळे ही माझी ओळखीची, ही आमच्या गावची, असलं काही चालत नाही. त्यांनी टेबलं मांडताना डोकं लावलं होतं. साधं आयव्ही लावायला सांगून सोडलं नाही, तर अशा गोष्टी काढल्या ज्या वॉर्डात रोज होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत.

इन्सुलिनचं टेबल सांगते, कारण त्याच्यासाठी एकट्यासाठी मी पैसे दिले असते. ट्रेमध्ये रेग्युलर इन्सुलिनची एमएलला ४० युनिटवाली व्हायल (बाटली), बाजूला लाल टोपीची सिरिंज आणि केशरी टोपीची सिरिंज, दोन्ही मिसळून, आणि मुद्दाम केशरी वर ठेवलेली. ऑर्डर काय, २० युनिट सबक्युट, म्हणजे कातडीखाली. आता लाल टोपी म्हणजे ४० ची आणि केशरी म्हणजे १०० ची हे विचारलं तर निम्म्याहून जास्त जणींनी बरोबर सांगितलं असतं, टॅबलेटवर तसा एक प्रश्न होताही आणि बहुतेकींचा बरोबर आला होता. पण टेबलावर वेळ चालू, बेल वाजणार, हात गेला वरच्या सिरिंजकडे. केशरी सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलं म्हणजे ०.२ एमएल, आणि ४०च्या व्हायलमधून ०.२ एमएल म्हणजे ८ युनिट. पेशंटला २० ऐवजी ८ गेले. काहीच होत नाही तेव्हा, कुणाला कळत पण नाही. शुगर कमी येत नाही, म्हणून राउंडला डॉक्टर डोस वाढवतात, मग रात्रीच्या शिफ्टला कुणीतरी शहाणी बरोबर लाल सिरिंज घेते आणि तो वाढवलेला डोस पूर्ण जातो आणि पहाटे शुगर एकदम उतरून पेशंट घामाने थबथबलेला. आणि उलटं झालं, म्हणजे १०० ची व्हायल आणि लाल सिरिंज, तर सरळ अडीचपट. ग्लार्जिन इन्सुलिनच्या व्हायल १०० च्या येतातच की.

यातली गंमत अशी की असेसर मॅडमनी मुलींना "चूक" म्हणून सोडून दिलं नाही, त्या मला घेऊन थेट वॉर्डातल्या औषधाच्या ट्रॉलीकडे गेल्या आणि ड्रॉवर उघडला. दोन्ही सिरिंजा एकाच डब्यात. मग म्हणाल्या, सिस्टर याला ट्रेनिंग नको, याला डबा पाहिजे. त्याच दिवशी दोन वेगळे डबे केले आणि केशरी सिरिंज ग्लार्जिनच्या सोबत फ्रिजजवळ गेली. म्हणजे बघा, नवीन नर्सचं स्किल तपासायला गेलो आणि सापडली आमची जुनी सवय. रक्त पातळ करायच्या हेपॅरिनचंही तसंच, ५ एमएलच्याच दोन व्हायल, एकीत एमएलला १००० युनिट आणि दुसरीत ५०००, लेबल लांबून सारखंच. आणि पोटॅशियम क्लोराइडचा १० एमएलचा अँप्यूल, २० एमईक्यू, डायल्यूट न करता पुश केला तर हार्ट थांबतं, तो वॉर्डाच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी कशाला पाहिजे. ही दोन्ही टेबलं होती आणि दोन्हीत थोड्याफार जणी अडकल्या, जुन्या स्टाफला बसवलं असतं तर त्यापण अडकल्या असत्या असं माझं प्रामाणिक मत.

हिशोबाचं टेबल पण चांगलं. ५०० एमएल सलाईन ८ तासांत, सेट एमएलला २० ड्रॉप्सचा, मिनिटाला किती थेंब. २१ च्या आसपास. हे जमलं बऱ्याच जणींना. पण नॉरअॅड (बीपी वाढवायचं औषध) ४ एमजी, ५० एमएलची सिरिंज, पेशंट ६० किलोचा, ०.१ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट, पंपावर किती लावणार, इथे शांतता. उत्तर ४.५ एमएल पर अवर. आता वॉर्डातल्या मुलीला हे रोज लागत नाही हे मान्य, पण आयसीयूला टाकणार असाल तर पहिल्या दिवशी लागतं, आणि आमच्याकडे आयसीयूला कोण जातं तर जिथे माणूस कमी तिथे जी रिकामी ती. हा मुद्दा पुढे परत येतो.

सीपीआरच्या टेबलावर एक नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट. ज्यांच्याकडे बीएलएसचं (सीपीआर शिकवणाऱ्या कोर्सचं) कार्ड होतं, दोन वर्षांची मुदत संपलेली नव्हती, त्यातल्याही काही जणी डमीची छाती जेमतेम दाबत होत्या. ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२०, हे तोंडाने बरोबर, हाताने नाही. कारण कोर्स झाला त्यानंतर हात लावलेलाच नाही. कार्ड बघून "ट्रेन्ड" लिहिणं बंद केलं पाहिजे आणि दोन-तीन महिन्यांनी वॉर्डातच पाच मिनिटं डमीवर हात मारून घेतला पाहिजे, त्याला एजन्सी कशाला लागते, डमी आपलीच कपाटात धूळ खात असते.

पण सगळ्यात खरं कळलं ते वॉर्डात. असेसर मॅडम (या स्वतः बरीच वर्षं सरकारी हॉस्पिटलला काढलेल्या, मराठी, आवाज असा की वॉर्डबॉयपण सरळ उभे राहावेत) सकाळच्या शिफ्टला मेल मेडिकलला येऊन बसल्या आणि पहिली गोष्ट काय केली तर सगळ्या बेडचे टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास लिहितात ते) मागवले. रेस्पिरेशनचा रकाना बघितला. २०, २०, २२, २०, २२, २०. पूर्ण वॉर्ड. तुम्ही नर्स असाल तर आता हसला असाल, कारण हे सगळीकडे असंच आहे, पल्स ऑक्सिमीटर लावला, पल्स आणि सॅच्युरेशन मिळालं, बीपी मशीनने दिलं, श्वास कुणी मोजायचा, २० टाका. मॅडम काही बोलल्या नाहीत. एका नवीन मुलीला घेतलं, लातूरकडची, अगदी शांत, टॅबलेट टेस्टला खालून दुसरी-तिसरी आलेली. तिला म्हणाल्या, कोपऱ्यातल्या बेडवरच्या काकांचे श्वास मोज, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. आणि काकांना सांगू नको.

ती मुलगी काकांचा हात धरून पल्स बघतेय असं दाखवत उभी राहिली आणि छातीकडे बघत मोजलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो हे तिला कुठूनतरी माहीत होतं. २८. चार्टवर सकाळी सहाला २०. काका बोलत होते पण दोन-दोन शब्द तोडून. न्यूज स्कोअर म्हणजे पेशंट बिघडतोय का ते आकड्यांवरून ओळखायची पद्धत, त्यात २५ किंवा वर गेलं की एकट्या रेस्पिरेशनचे ३ मार्क, म्हणजे डॉक्टरला लगेच बोलवायचं. तिला ते पण कळलं, चेहऱ्यावरून दिसलं. आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, फोन लावला आणि म्हणाली, "सर, ते कोपऱ्यातले काका जरा बरे वाटत नाहीयेत." पलीकडून "बरं, बघतो". फोन कट.

मॅडम म्हणाल्या परत लाव. आता असं सांग, तू कोण, कुठला वॉर्ड, कुठला पेशंट, कशासाठी ॲडमिट, आत्ता आकडे काय, तुला काय वाटतंय आणि तुला काय पाहिजे. ती घाबरत घाबरत पण बोलली, न्यूमोनियाचे काका, रेस्पिरेशन २८, सॅच्युरेशन ९१, सकाळपासून वाढलंय, सर आत्ता येऊन बघा. पाच मिनिटांत आरएमओ वॉर्डात. काही नाही हो, तीच मुलगी, तेच काका, तोच डॉक्टर.

तर सांगायचं काय, टॅबलेटच्या हिशोबाने ही मुलगी तळाला आणि मॅडमच्या हिशोबाने पूर्ण बॅचमध्ये वरच्या चारात, फक्त फोनवर बोलायचं शिकवायचं बाकी. मिलर नावाच्या माणसाने १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडलाय, खाली "माहीत आहे", वर "कसं करायचं माहीत आहे", वर "करून दाखवते" आणि सगळ्यात वर "रोज करते". टॅबलेट खालच्या दोन पायऱ्यांवरच फिरतो, स्टेशन तिसरीवर, आणि चौथी बघायची तर माणसाला वॉर्डात बसावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. आणि हीच पायरी महाग असते म्हणून एजन्सीवाले पॅकेजमध्ये ती कमीत कमी ठेवतात, लक्ष ठेवा. आम्हाला माणशी कबूल केलेला वेळ मॅडमनी पाळला, पण त्यांच्या सोबत आलेल्या दुसऱ्या असेसरने नर्सिंग स्टेशनला बसून फाइली चाळल्या, चहा घेतला आणि फॉर्म भरले. त्यांना मराठी येत नव्हतं, पेशंटशी बोलायचा प्रश्नच नाही, आणि मुलींना इंग्लिशमध्ये प्रश्न विचारले की त्या गप्प. एकाच एजन्सीचे दोन असेसर, जमीन-अस्मानाचा फरक. ज्या मुली त्यांच्या वाट्याला आल्या त्यांचे रिपोर्ट मी जवळपास बाजूलाच ठेवले.

भाषेवरून अजून एक, केरळच्या मुली हाताला एकदम पक्क्या, आयव्ही एका फटक्यात, डॉक्युमेंटेशन सुरेख. पण आजी म्हणाल्या "पोटात कळ मारून येतेय गं" आणि दुसरीकडे "नुसतं जळजळतंय" याच्यात फरक आहे हे त्यांना कसं कळणार, दोन्हीकडे पेन स्कोअर ५ लिहून मोकळं. हे असेसमेंटमध्ये कुठेच नव्हतं. मॅडमना म्हटलं तर त्या म्हणाल्या, खरंय, यादीत नाही. आम्ही आमचं आमचं आता वॉर्डातल्या मावशींना त्यांच्या जोडीला दिलंय, मावशी जे शिकवतात ते कुठल्या मॉड्यूलमध्ये नाही.

आता रिपोर्ट. जाड, गुळगुळीत कागद, प्रत्येकीच्या नावाने कोळ्याच्या जाळ्यासारखा ग्राफ, बघायला मस्त. खाली शिक्का, नोव्हिस, अॅडव्हान्स्ड बिगिनर, कॉम्पिटंट, प्रोफिशियंट, एक्स्पर्ट. या पाच पायऱ्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सिंगमध्ये आणल्या आणि त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे कॉम्पिटंट व्हायला एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं जावी लागतात. आमच्या रिपोर्टमध्ये जॉईन होऊन जेमतेम महिने झालेल्या एका मुलीला "प्रोफिशियंट" देऊन टाकलंय! तिची आई खूश होईल, मला ड्युटी लावायला काही उपयोग नाही. म्हणजे नावं मोठ्या माणसांची घ्यायची आणि आत टॅबलेटचे मार्क भरायचे.

ते एक पान मात्र सोन्याचं. शेवटून दुसरं. आडव्या ओळीत कामं, उभ्या रांगेत नावं, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक रंग, एकटीने करू शकते, कुणीतरी सोबत पाहिजे, अजून करायचं नाही (हा लाल). बस. हे पान मी झेरॉक्स करून प्रत्येक इन्चार्जला दिलं (भिंतीवर लावू नका, ड्रॉवरमध्ये ठेवा, पोरींचा अपमान करायचा नाहीये) आणि ड्युटी लिस्ट त्याच्यासमोर ठेवून करायला लावली. ब्लड ट्रान्सफ्युजनला जिचा रंग लाल ती नाईटला एकटी नाही, सोबत एक जुनी. पंपाच्या हिशोबाला लाल ती आयसीयूला फ्लोट होणार नाही, कितीही कमी स्टाफ असला तरी, आधी तिला आयसीयूच्या ताईंसोबत शिकाऊ म्हणून दिवसपाळी. सुरुवातीला सगळ्या इन्चार्ज माझ्यावर उखडल्या, म्हणे आधीच माणसं नाहीत आणि वर तुमचे रंग. बरोबर आहे त्यांचं. पण ट्रेनिंग प्लॅन म्हणजे दुसरं काय असतं, कुणी कुणासोबत कुठल्या ड्युटीला उभं राहायचं हेच ना. लेक्चर ऐकून कुणाचा रंग बदललेला मी अजून बघितला नाही.

एजन्सीने दिलेला ट्रेनिंग प्लॅन मात्र कॉपी-पेस्ट. स्ट्रेस मॅनेजमेंट, कम्युनिकेशन, टाइम मॅनेजमेंट, पेशंट सॅटिस्फॅक्शन, जवळपास सगळ्यांच्या नावाखाली हेच, आणि योगायोग बघा, हे सगळे ऑनलाइन मॉड्यूल ते स्वतःच विकतात. जो डॉक्टर तपासतो त्याचंच खाली मेडिकल. श्वास मोजायचा राहतोय, फोनवर आकड्यांत बोलता येत नाहीये, हे मॅडमनी हाताने लिहिलेल्या शेऱ्यात होतं, छापील प्लॅनमध्ये त्याचा पत्ताच नाही. आणि त्यांचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे रजिस्ट्रेशन रिन्यू करायला तास मोजले जातील असं सेल्सवाला सांगून गेला, मुली खूश झाल्या, तर तसं नाही, ५ वर्षांत जे १५० तास लागतात त्यात नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेल्या कार्यक्रमाचेच तास धरतात, आधी मान्यतेचं पत्र मागा.

आता जे सगळ्यात खटकलं ते. रिपोर्ट नर्सिंग डिपार्टमेंटला द्यायचा ठरलेला असताना एजन्सीने स्टेशनच्या पहिल्याच दिवसाचे मार्क परस्पर एचआरला मेल केले. एचआरने लगेच विचारलं, या मार्कांवर कन्फर्मेशन करायचं का, इन्क्रिमेंट लावायचं का. झालं. बातमी हॉस्टेलला पोचायला किती वेळ लागतो, वॉर्डातून हॉस्टेल जेवढं लांब तेवढाच. दुसऱ्या दिवशी ज्यांची स्टेशनं होती त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीच सगळ्या टेबलांची यादी, उत्तरांसकट. दुसऱ्या दिवशीच्या पोरी इन्सुलिनच्या टेबलावर येऊन लाल टोपी लाल टोपी पुटपुटत होत्या. स्कोअर अर्थातच वर. आणि जी पहिल्या दिवशी "मॅडम मला हे येत नाही, दाखवा ना" म्हणाली तिलाच आता भीती की माझा पगार कापणार. एकदा का पगाराशी जोडलं की कुणी "येत नाही" म्हणणार नाही, आणि "येत नाही" हे ऐकायलाच तर आपण हे सगळं केलं. मी मेट्रन मॅडमना घेऊन वर गेले, बरीच वादावादी झाली, शेवटी मार्क एचआरच्या फाइलीतून काढले. पण मुलींच्या मनातून निघाले का, नाही.

तीन महिन्यांनंतरची तपासणी? व्हिडिओ कॉलवर. मोबाईल समोर धरून "हात कसे धुता दाखवा". यावर जास्त लिहीत नाही. आम्ही आमच्याच दोन सिनियर सिस्टरना बसवून निम्मी टेबलं परत मांडली, ट्रे आमचा, बेल म्हणून किचनमधला टायमर, आणि चाललं की. मेल मेडिकलला आता रेस्पिरेशनचे आकडे १८, २४, १६ असे वेगवेगळे यायला लागलेत, फीमेलला अजून २०, २२ चालूच आहे.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी करार करताना एवढं बघा. असेसर कोण येणार त्यांचं नाव करारात टाका, त्यांनी बेडसाइडला किती वर्षं काढली ते विचारा, मराठी येतं का विचारा. टेबलांवर आपल्या हॉस्पिटलमधलीच औषधं, आपलेच पंप, आपलेच सेट मांडायला सांगा. वॉर्डात माणशी किती वेळ बसणार ते लिहून घ्या. रिपोर्ट कुणाला जाणार आणि कुणाला नाही ते पण लिहून घ्या, तोंडी नको. ज्यांच्याकडे चांगली एज्युकेटर आहे आणि तिला वॉर्डात पळवलं जात नाही त्यांना एजन्सीची गरज नाही असं मला वाटतं, पण असं हॉस्पिटल मला दाखवा. बाहेरच्या माणसाचा एक फायदा आहेच, औषधाचा तो ड्रॉवर मी रोज उघडत होते, मला तो दिसत नव्हता असं नाही पण मी बोलून डबा आला नसता, असेसर मॅडम बोलल्यावर संध्याकाळपर्यंत आला. मॅनेजमेंटला बाहेरचं माणूस बोललं की ऐकू येतं.

पुढच्या बॅचला आम्ही त्यांना सांगितलंय, फक्त स्टेशन आणि वॉर्ड, असेसर त्याच मॅडम, रंगाचं ते एक पान, बाकी काही नको, पैसे त्या हिशोबाने लावा. ते म्हणतात पॅकेज तोडता येत नाही. मेलामेली चालू आहे. काल सेल्सच्या मुलाचा फोन आला, टॅबलेट टेस्ट फुकट देतो म्हणे. म्हटलं फुकट दिलीत तरी नको, त्या वेळात पोरी झोपतील.